माझे पुढचे दोन दात आणि डॉक्टर नसरीन

सिरसाळ्याच्या मैदानात मुलींच्या कुस्तीची नुकतीच सलामी झाली होती. हलगी चढत होती, लोक पायांच्या टाचा उचलून बघत होते आणि मी माईक धरून आखाड्याच्या कडेनं फिरत होतो. एवढ्यात यात्रा कमिटीचे व्यंकटराव माझ्या कानाशी आले. "सर, बीडच्या दाताच्या म्याडम गेल्या. सकाळीच." मला पटकन उलगडा झाला नाही. "कोण म्याडम?" असं मी विचारलं. व्यंकटराव खाली बघत म्हणाले, "तुमच्याच की. नसरीन म्याडम. माझी दाढ पण त्यांनीच बसवलेली हाय."

त्या आजारी होत्या हे मला ठाऊक होतं. तरी हातातला माईक एकदम जड झाला. पण कुस्ती लागलेली असताना निवेदकाला गप्प बसता येत नाही. त्या दोन पोरी वर्षभर मेहनत करून आल्या होत्या; त्यांचा डाव कुणीतरी लोकांना सांगायला हवा होता. मी बोलत राहिलो. लाल कपड्यातल्या पोरीनं दुसरीला पाठीवर घेऊन चितपट केलं, टाळ्या पडल्या, मग मी हात वर करून हलगी थांबवली आणि म्हणालो, "मंडळी, ज्या आवाजात मी आत्ता बोलत होतो, तो आवाज मला परत मिळवून देणारी बाई आज आपल्यातून गेली. बीडच्या डॉक्टर नसरीन. त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहू." माणसं उभी राहिली, त्या दोन पोरीही मातीनं भरलेल्या अंगानं शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पण माझ्या मनात आलं, दातांच्या डॉक्टरनं आवाज कसा परत दिला, हे यातल्या निम्म्या लोकांना कळलंही नसेल... ते सांगावं म्हणून हा लेख.

मी नेकनूरचा. जन्मभर शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचो, ते अजूनही करतो. निवेदक म्हणजे नुसता नावं पुकारणारा माणूस नव्हे. लांब बसलेल्या माणसाला पैलवानाचा हात कुठं गेला, पाय कुठं अडकला हे दिसत नाही. ते त्याला आमच्या बोलण्यातून दिसतं. ढाक, घिस्सा, एकलंगी, धोबीपछाड... एकेक डाव तोंडातून असा सुटला पाहिजे की मातीवर आपटलेल्या पाठीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा. माझ्या आवाजाला मान होता. गावोगावची बोलावणी यायची. पैलवान पाया पडून म्हणायचे, "सर, आमचं नाव तुमच्या तोंडून ऐकायचं हाय."

आणि मग त्याच माईकनं माझं तोंड फोडलं. एका यात्रेत दोन दांडगे पैलवान झटापटीत कडेपर्यंत आले. मी मागं सरकेपर्यंत एकाचा खांदा माझ्या हातावर बसला आणि माईकचं लोखंडी टोक सरळ पुढच्या दातांवर आलं. वरचे मधले दोन्ही दात गेले. एक मुळासकट हातात आला, दुसरा हिरडीत मोडला. ओठाला टाके पडले, ते भरले. दात मात्र भरून येत नाहीत. काही दिवसांनी मी एका ठिकाणी काढता-घालता येणारी कवळी करून घेतली. जेवताना ती ठीक होती. बोलताना हलायची, आणि मोठ्यानं पुकारायला गेलं की सुटायची. एका मैदानात मी मोठा श्वास घेऊन ‘धोबीपछाड’ म्हणालो आणि कवळी तोंडातून उडून मातीत पडली. एका पैलवानानं ती उचलली, बाटलीच्या पाण्यानं धुतली आणि अदबीनं माझ्या हातात दिली. लोक हसले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. पण घरी आल्यावर मी माईकची पिशवी माळ्यावर टाकली आणि बायकोला म्हणालो, "संपलं आपलं."

माझी बायको मंदा शांत स्वभावाची आहे, पण एखादी गोष्ट तिनं धरली की सोडत नाही. दुसऱ्या दिवशी ती मला बीडला घेऊन गेली. "अवो, एक डॉक्टरीण हाय म्हणं. हाडात खिळा बसवून वर दात लावती. एकदा दाखवून तर बघू." तो दवाखाना बसस्टँडमागच्या गल्लीत होता. खाली रहीम मिस्त्रींचं गॅरेज, वर त्यांच्या मुलीचा दवाखाना. खाली हातोडी चालायची, वर मशिन गुरगुरायचं. जिन्यात ग्रीसचा आणि लवंगेच्या तेलाचा वास एकात एक मिसळलेला असे.

डॉक्टर नसरीन तेव्हा चाळिशीच्या आतल्या असाव्यात. बुटक्या, चपळ, बोलायला एकदम सरळ. मी आ करून बसलो तर म्हणाल्या, "थांबा, तोंड मिटा. आधी सांगा, काम काय करता?" मी सांगितलं. "मग करून दाखवा," त्या म्हणाल्या. मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्या हातमोजे काढून, डोळे मिटून बसल्या होत्या. मी लाजत लाजत सुरू केलं, मग मला भान राहिलं नाही. त्या खोलीत मी एक आख्खी कुस्ती लावली आणि निकालीही काढली. ‘ध’ च्या जागी वारा निघत होता, ‘स’ शिट्टी मारत होता, तरी मी थांबलो नाही. थांबलो तेव्हा कळलं की खालची हातोडी बंद पडली होती. गॅरेजातली माणसं जिन्यात येऊन ऐकत उभी होती. डॉक्टरांनी डोळे उघडले. "त, थ, द, ध, न, स... सर, तुमची निम्मी बाराखडी या दोन दातांच्या भरवशावर उभी होती. आपण ती परत उभी करू."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत काही महिने वाट बघायची आणि मग वर सिरॅमिकचा दात चढवायचा. मंदानं विचारलं, शेजारच्या दातांचा आधार घेऊन सलग दात बसवतात तसं का नको? डॉक्टर म्हणाल्या, "त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात तासावे लागतील. दोन गेले म्हणून आणखी दोघांना का कापायचं?" हे मला पटलं. पण सिरॅमिक म्हटल्यावर मी बिचकलो. "म्हणजे चिनी माती? कपबशीवाणी? डॉक्टर, माझ्या तोंडात कपबशी कशी टिकायची?" त्या मनापासून हसल्या. "कपबशी पडल्यावर फुटते, सर. दात पडत नाही, दाबला जातो. नीट दाबला तर सिरॅमिक लई सोसतं. वाकडा दाबला तर मात्र..." एवढं बोलून त्या क्षणभर थांबल्या आणि मग विषय बदलला. त्या थांबण्याचा अर्थ मला पुढं कळला.

हाड भरलं, माप घेतलं आणि संभाजीनगरच्या लॅबमधून दात आले. काय दात होते ते! आतून मजबूत, आणि वर काचेसारख्या सिरॅमिकचे नाजूक थर चढवलेले. उजेड त्यातून आत जायचा आणि खऱ्या दातासारखा अडून राहायचा. मंदानं माझा जुना फोटो डॉक्टरांकडे पोचवला होता, त्यामुळे डाव्या दाताचा किंचित वाकडेपणाही त्यांनी जसाच्या तसा ठेवला होता. आरशात बघून मी ‘धोबीपछाड’ म्हणालो आणि मंदाचे डोळे भरून आले. मी माळ्यावरची पिशवी खाली काढली. नारायणगडाकडच्या एका गावात यात्रेचं मैदान होतं, त्यांचं बोलावणं स्वीकारलं. ‘सर परत आले’ म्हणून लोकांनी फेटा बांधला.

त्या मैदानात शेवटची कुस्ती फार रंगली. दोन्ही पैलवान तोलाचे, कुणी हटेना. मी बोलता बोलता श्वास रोखून थांबलो, आणि जबड्यात ‘टक्’ झालं. जिभेला खरखरीत कड लागली. उजव्या दाताच्या टोकाचा टवका उडाला होता. पुढचं वाक्य बोललो तर ‘स’ पुन्हा शिट्टी मारायला लागला, तोही भोंग्यातून! लोकांना आधी वाटलं, माईक खराब झाला. मग कुणीतरी ओरडलं, "सरांचा दात गेला बे!" आणि हशा पिकला. मी कुस्ती पुरी केली, पण एकानं ते सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं. घरी पोचेपर्यंत माझी शिट्टी बीड जिल्हाभर फिरली होती, आणि त्याखाली लोक लिहीत होते, ‘बीडच्या बाईचा कपबशीचा दात.’

माझी चेष्टा मी सोसली असती. पण डॉक्टरांचं नुकतंच बस्तान बसत होतं. या कामासाठी लोक तोवर पुण्याला नाहीतर संभाजीनगरला जायचे. बीडमध्ये, तेही एका मिस्त्रीच्या मुलीकडे, हाडात खिळा ठोकून घ्यायला माणसं आधीच कचरत होती. आता वेळ घेतलेली माणसं फिरकेनाशी झाली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथं बसले होते. ते सांगत होते, "लॅबनं माल खराब दिला म्हणा ना. कोण विचारायला जातंय?" डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "लॅबनं मी सांगितलं तसंच केलं. मी नाजूक सांगितलं, त्यांनी नाजूक दिलं." मग माझ्याकडे वळून, त्या गृहस्थांच्या देखतच म्हणाल्या, "सर, तुमचं काही चुकलेलं नाही. माझा अंदाज चुकला. का चुकला ते मला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत मी नवीन दात बसवणार नाही. पुढचं मैदान कुठं आहे तुमचं?"

"कावून?" मी विचारलं.

"मला यायचंय."

आणि त्या खरंच आल्या. मी टवका उडालेल्या दातानं, कमी बोलायचं ठरवून त्या मैदानात उतरलो होतो. डॉक्टर वडिलांना घेऊन आल्या. कमिटीनं त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी उचलून उलटी ठेवली. सगळं मैदान आखाड्याकडे बघत होतं आणि ही एकटी बाई आखाड्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत होती. मी जिथं सरकेन तिकडं त्यांची मान वळायची. रहीम मिस्त्री मात्र कुस्ती बघण्यात पुरते रंगले होते. मध्येच त्यांनी मुलीला कोपरानं ढोसलं, "अगं, इकडं बघ, काय डाव टाकला!" त्या म्हणाल्या, "अब्बा, मला तो डाव नका दाखवू. मला माझा डाव बघू द्या."

कुस्त्या संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. चेहरा उजळला होता. "सापडलं, सर. तुम्ही बोलता तेव्हा काहीच होत नाही. गप्प होता तेव्हा होतं. पैलवान अडला की तुमचा खालचा जबडा पुढं येतो आणि खालचे दात वरच्यांच्या टोकावर जाऊन बसतात. मग तुम्ही आवळता. पैलवान सुटेपर्यंत आवळता." मी म्हणालो, मला तर कधी जाणवलं नाही. तर म्हणाल्या, "जाणवणारच नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पातळ गादी असते, ती सांगते की जोर जास्त झाला, आता सोड. आपला स्क्रू सरळ हाडाला धरलेला आहे. त्याला गादी नाही, त्यामुळे त्याला सांगता येत नाही. आणि सगळा जोर येतो त्या नाजूक थराच्या कडेवर. मी खुर्चीत बसलेल्या माणसाचे दात बसवले. आखाड्यातल्या माणसाचे बसवायला हवे होते."

इतक्या वर्षांत मी किती पैलवानांना हरलेलं बघितलं. हरल्यावर माणूस मातीला दोष देतो, पंचाला देतो, तेल लावलंय म्हणतो. ही बाई हरल्यावर तेच मैदान पुन्हा बघायला आली होती, कुठं पाय घसरला ते शोधायला... त्या दिवसापासून त्यांच्यावर माझा पुरा विश्वास बसला.

दुसरे दात त्यांनी वेगळे करून घेतले. या वेळी झिरकोनिया नावाच्या टणक सिरॅमिकच्या एकाच गोळ्यातून कोरलेले, आतबाहेर एकसारखे. फक्त दर्शनी बाजूला, जिथं समोरचा दात कधीच पोचत नाही तिथं, रंगापुरता पातळ थर. "थोडे कमी देखणे असतील," त्यांनी मंदाला आधीच सांगितलं. मंदा म्हणाली, "ह्यांचं काय आता लगीन लावायचंय? टिकू द्या म्हंजे झालं." दात बसवायच्या दिवशी तर गंमतच झाली. खुर्चीत बसून चावा तपासणं त्यांना आता मान्यच नव्हतं. दातांच्या मध्ये निळा कागद धरायचा, जिथं जोर पडतो तिथं डाग उमटतो, तो डाग घासून कमी करायचा, अशी ती रीत. पण त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि उभ्यानं कुस्ती सांगायला लावली. मी भर दुपारी गच्चीवरून ओरडतोय, मध्येच डॉक्टर "आवळा!" म्हणतायत, मी जबडा पुढं काढून आवळतोय, त्या कागद ओढून डाग बघतायत, मला खाली नेऊन घासून परत वर आणतायत. गल्लीतली माणसं वर बघत उभी राहिली. शेवटी खालून रहीम मिस्त्रींनी हाक दिली, "बेटा, इंजिनचं टायमिंग लागलं का न्हाई अजून?" त्या वरून म्हणाल्या, "लागत आलंय, अब्बा!"

सगळं झाल्यावर मी खुशीत होतो, त्या मात्र गंभीर होत्या. "सर, पहिला दात मोडेल म्हणून मला भीती वाटायला हवी होती. हा मोडणार नाही, म्हणून मला भीती वाटतेय." मला काही कळलं नाही. मी म्हणालो, मोडणार नाही हीच तर आनंदाची गोष्ट. त्यांनी मान हलवली आणि झोपेत दातांवर घालायला एक पारदर्शक पट्टी करून दिली. वर्षातून एकदा तपासायला येईन असा शब्दही घेतला. मी विचारलं, "गॅरंटी किती वर्षांची?" तर म्हणाल्या, "गॅरंटी खाली मिळते, टायरची. वर फक्त तपासणी मिळते."

मग मात्र माझा आवाज मोकळा सुटला. मैदानांमागून मैदानं झाली. ज्या गावात शिट्टी झाली होती त्याच गावानं पुन्हा बोलावलं, आणि मी तिथं अशी धोबीपछाड पुकारली की व्हिडिओ काढणारा पोरगा मोबाइल खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागला. डॉक्टरांकडची गर्दीही परत आली, आधीपेक्षा दुप्पट. लोक जिन्यातच विचारायचे, "सरांना बसवला तसला दात हाय का?" एकदा माझ्यासमोरच एक पुढारी आले होते. धडधाकट दात काढून सगळीकडं पांढरेशुभ्र सिरॅमिकचे बसवून द्या, पोस्टरवर चांगले दिसतात, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी त्यांचं तोंड तपासलं आणि म्हणाल्या, "पाटील, तुमच्याकडं आहेत त्यापेक्षा भारी दात माझ्याकडं नाहीत. ब्रश करत जा." पाटील थोडे रागावले, मग हसले, आणि पुढं आपल्या आईला घेऊन आले.

मी विसरलो होतो त्या भीतीचा अर्थ मला एका हुरड्याच्या पार्टीत कळला. हुरड्यात खडा आला, आणि मी तो पुढच्या दातांनी कचकन चावला. कानात झिणझिण्या आल्या. जिभेनं चाचपलं, वरचे दोन्ही दात जागच्या जागी, साधा ओरखडा नाही. मी तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावला आणि मोठ्या अभिमानानं म्हणालो, "डॉक्टर, तुमचा दात दगडाला भारी पडला!" त्यांनी लगेच विचारलं, "खालचे कसे आहेत?" खालचे मी बघितलेच नव्हते. आरशात बघितलं तर खालच्या एका दाताला उभी चीर गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यावर रागावल्या, एवढ्या वर्षांत एकदाच. "हेच मी त्या दिवशी सांगत होते. दोघं भांडले आणि एक मोडला नाही, तर दुसरा मोडतो. दात टिकला म्हणून मला फोन करू नका, सर. तोंड टिकलं तर करा." खालचा दात त्यांनी वाचवला. त्यासाठी वरच्या मजबूत दाताची कड त्यांनी आणखी थोडी घासली, पुन्हा गुळगुळीत केली. आपण केलेल्या पक्क्या कामाला दुसऱ्यासाठी घासताना त्यांना जराही वाईट वाटलं नाही. मला मात्र तो प्रसंग लागून राहिला. मी मास्तर माणूस, मुलांना नेहमी ‘कणखर व्हा’ सांगत आलो. त्यानंतर मी पोरांना दुसरंही सांगायला लागलो, की कुस्तीत जोडीदाराला मातीवर कसं सोडायचं हेही शिका, नाहीतर उद्या सरावाला जोडीदारच उरणार नाही.

आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी तो लपवला नाही. छातीतली गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, डोक्यावरचे केस गेले, तिथं रुमाल आला. त्या दवाखान्यात येत राहिल्या. मध्ये दोन वर्षं बरी गेली, मग तो आजार उलटला. स्वाती नावाच्या एका तरुण डॉक्टरला त्यांनी सोबत घेतलं होतं. त्यांच्याकडच्या माझ्या शेवटच्या तपासणीला त्यांनी तिला माझ्या तोंडात बघायला लावलं आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर बसल्या. उभं राहवत नव्हतं. तरी स्वातीला सांगत होत्या, "ह्यांना खुर्चीत तपासू नकोस. उभं कर. बोलायला लाव. जबडा पुढं घ्यायला सांग." तपासणी झाली, स्वाती बाहेर गेली. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो. "डॉक्टर, तुम्ही यातून उठणार. मी सांगतो, जिंकणार तुम्ही."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "सर, मैदानात एखादा पैलवान हरणार हे तुम्हाला आधी कळतं ना?"

"कळतं."

"मग तेव्हा माईकवर काय बोलता?"

मी म्हणालो, "त्याचा डाव सांगतो. जो टाकतोय तो. अखेरपर्यंत."

"मग माझंही तेवढंच करा," त्या म्हणाल्या. "निकाल सांगू नका." आणि लगेच विषय बदलून, खालच्या दाताची चीर दुखते का ते विचारलं.

त्यांच्या मातीला मी सिरसाळ्याहून तसाच गेलो. पोचलो तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जवळजवळ प्रत्येक गावचा माणूस होता. पागोटीवाले होते, टोपीवाले होते, ते पाटीलही होते. रहीम मिस्त्रींनी मला बघितलं आणि नुसता माझा हात धरला, खूप घट्ट. "गुरुजी, ती तुमच्यापायी कुस्ती बघायला शिकली," ते म्हणाले. "घरी टीव्हीवर लागली की मला सांगायची, अब्बा, तो बघा, आता जबडा आवळंल." मी त्यांच्या शेजारून चालत गेलो आणि इतरांसारखी मातीही दिली. गॅरेज काही दिवस बंद होतं. मग एका सकाळी मिस्त्रींनी स्वतः शटर उघडलं. वरचा दवाखाना स्वाती डॉक्टरांनी सुरू ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात माझी वर्षाची तपासणी होती. जावं की नाही, असं मनात आलं, पण दिलेला शब्द होता. स्वाती डॉक्टरांनी मला उभं केलं, बोलायला लावलं, जबडा पुढं घ्यायला लावला. मग म्हणाल्या, "या वेळी दात खोलून आतून साफ करते, सर. हे दात मागच्या बाजूनं स्क्रूनं लावलेत, निघतात." इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर कधी तोंडाबाहेर आले नव्हते. त्यांनी दोन्ही दात धुऊन माझ्या तळहातावर ठेवले. बोरीच्या बीएवढे ते दोन तुकडे. दर्शनी बाजू मला रोज आरशात दिसते, ती ओळखीची होती. मी ते उलटे केले. मागची बाजू, जी माझी मलाही कधी दिसली नसती, ती अशी गुळगुळीत होती की खिडकीचा उजेड तिच्यात उभा राहिला होता. हिरडीखाली लपणारी कडसुद्धा तशीच. मी स्वाती डॉक्टरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "लॅबमधून आल्यावर मॅडम परत स्वतः घासायच्या. मी एकदा विचारलं, मागं कोण बघतंय? तर म्हणाल्या, जीभ बघते की, दिवसभर."

मला त्यांचं नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं, पण पुढं दोन दातांची मोकळी जागा. ‘न’ घसरला, ‘स’ नुसता वारा झाला. स्वाती डॉक्टर म्हणाल्या, "थांबा सर, बोलू नका, आधी बसवते." त्यांनी एकेक दात जागेवर ठेवला, स्क्रू आवळले, भोकं बुजवली, निळा कागद धरून चावा बघितला. मी उठलो, खिडकीपाशी गेलो. खाली गॅरेजात मिस्त्री एका गाडीखाली आडवे झाले होते. मी छातीत हवा भरून, मैदानात पैलवानाला पुकारतो तसं, मोठ्यानं म्हणालो, "डॉक्टर नसरीन!" प्रत्येक अक्षर खणखणीत निघालं. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, वर बघितलं, आणि काळे झालेले दोन्ही हात उंचावून त्यांनी टाळी वाजवली.